गेलेल्या कामाची भरपाई आणि हजेरीपटावरचे नाव



बेळगावजवळचे काकती हे राणी चन्नम्मांचे जन्मगाव म्हणून देशाला ठाऊक आहे. पण इथल्या घराघरांतला माणूस सकाळी डबा घेऊन जातो तो काकती-होनग्याच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत किंवा मच्छ्याला. इथून जाणाऱ्या महामार्गाने वर गेले की निपाणी लागते. तिथे तंबाखूच्या वखारींत आणि बिडीच्या सुपावर बायकांच्या पिढ्या खपल्या. एकीकडे या वसाहतींतले ओतकाम, दुसरीकडे निपाणीची तंबाखू. या दोन्ही धंद्यांचे भवितव्य आज इथे ठरत नाही. ते दिल्लीत, जिनिव्हात किंवा वॉशिंग्टनमध्ये ठरते. दूरच्या एका निर्णयाने इथले काम गेले, तर त्या कामगाराचे देणे कोणाचे, हा आजचा पहिला प्रश्न. त्या कामाने त्याच्या छातीचे काय केले, हा दुसरा. आपल्याकडे पहिला प्रश्न रोजगार खात्याचा आणि दुसरा कारखाना निरीक्षकाचा समजला जातो. माझे म्हणणे असे की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. काम चालू असताना कामगाराच्या नावाची आणि प्रकृतीची नोंद झाली नाही, तर काम गेल्यावर कोणतीही मदत त्याच्यापर्यंत पोचत नाही.

निपाणीपासून सुरुवात करू. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी झालेले शेतकरी आंदोलन आणि त्यावरचा गोळीबार सर्वांच्या लक्षात आहे. त्याच सुमारास वखारींतल्या बायकांनी उभी केलेली चळवळ मात्र कमी लोकांना आठवते. प्रा. सुभाष जोशी यांच्यासारखे कार्यकर्ते तिच्यात होते. ‘युगांतर’ गटाने 1982 मध्ये या बायकांवर माहितीपट केला आणि छाया दातारांनी त्यांच्या संघटनेचा अभ्यास करून 1989 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्या काळच्या मागण्या पाहिल्या तर मजुरी, कामाचे तास, बोनस आणि धूळ या गोष्टी एकाच कागदावर दिसतात. तंबाखू कुटताना आणि चाळताना उडणारी पूड नाकातोंडात जाते, खोकला आणि दम लागतो. वारा आला की माल उडतो म्हणून दारे-खिडक्या लावून काम चाले. बिडी वळणारीची गत वेगळी. तिचे घर हाच कारखाना. पाने आणि जर्दा ठेकेदार देणार, हजारामागे मजुरी मिळणार आणि ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे बुडणार. मालक कोण हे पासबुकावरून कळावे, आणि पासबुकच नसेल तर तिने कोणाकडे बोट दाखवावे? या बायकांना तेव्हाच समजले होते की रजिस्टरमध्ये नाव येणे हीच पहिली मजुरीवाढ आहे.

आता सरकारने काय कबूल केले ते पाहू. भारताने 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर शिक्कामोर्तब केले आणि 2005 मध्ये करार अमलात आला. त्याचे सतरावे कलम म्हणते की तंबाखूवर पोट असलेल्या कामगारांना, शेतकऱ्यांना आणि गरजेप्रमाणे छोट्या विक्रेत्यांना परवडेल असा पर्यायी रोजगार मिळावा यासाठी सरकारांनी प्रयत्न करावेत. अठराव्या कलमात तंबाखूच्या लागवडीत आणि उत्पादनात गुंतलेल्यांच्या आरोग्याची काळजी सांगितली आहे. पर्यायी काम आणि कामाच्या जागची सुरक्षा ही दोन वचने एका करारात शेजारी शेजारी बसली आहेत. धूम्रपान कमी व्हावे याबद्दल वाद नाही, पाकिटावरची मोठी चित्रे आणि वाढलेले कर त्यासाठीच आहेत. पण त्या सार्वजनिक भल्याची किंमत बिडी वळणाऱ्या बाईने एकटीने का मोजावी? केंद्र सरकारच्याच नोंदीनुसार देशात सुमारे 50 लाख बिडी कामगार आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. 1976 च्या कायद्याने बिडीवर उपकर बसला आणि त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या व घरांसाठी अनुदान मिळू लागले. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. योजना उरल्या, पण हक्काचा वेगळा निधी गेला आणि त्या सर्वसाधारण अर्थसंकल्पाच्या कृपेवर आल्या. धंदा उतरणीला लागला असताना निधीची गरज वाढते, आपण नेमके तेव्हा त्याचे मूळ उपटले.

ओतकामाची गोष्ट वरवर निराळी दिसते. बेळगावचे कास्टिंग देशभर आणि परदेशात जाते. म्हणून परदेशातल्या जकातीचा धक्का इथल्या भट्टीला बसू शकतो. 2025 च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बऱ्याच मालावरची जकात एकूण 50 टक्क्यांवर नेली. पोलाद आणि वाहनांचे भाग यांच्यासाठी तर आधीपासून स्वतंत्र वाढीव दर होते. अशा धक्क्याने ऑर्डर थांबते तेव्हा सर्वांत आधी घरी बसतो तो ठेकेदाराचा माणूस. मोल्डिंग, नॉकआउट आणि फेटलिंग ही वाळूची आणि धुळीची कामे अनेक ठिकाणी ठेकेदाराच्याच माणसांकडे असतात. सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, आणि बहुतेक वेळा उघड होतो तो दहा-पंधरा वर्षांनी. काम सुटले तरी तो वाढू शकतो. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात सिलिकोसिसचे नाव होते आणि कर्मचारी राज्य विमा कायद्यातही होते. पण रोग वर येतो तेव्हा ठेकेदार बदललेला, हजेरीपट हरवलेला आणि युनिट बंद पडलेले असते. भरपाईचा कायदा हातात असून कोणाविरुद्ध दावा करायचा हेच कळत नाही. काम जाणे आणि रोग उघड होणे या दोन घटना एकाच माणसाच्या आयुष्यात अशा पाठोपाठ येतात, म्हणून त्यांची खाती वेगळी ठेवून चालत नाही.

मदतीचे प्रयोग आपल्याकडे झालेच नाहीत असे नाही. मुंबईत 1982 चा संप झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले. पुढे 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर 1986 मध्ये केंद्राने बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना आणली. पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 आणि तिसऱ्या वर्षी 25 टक्के मदत असा तिचा हिशेब होता. कल्पना चांगली होती. पण गिरणी कायदेशीररीत्या बंद ठरली पाहिजे ही अट होती. फाटकाला कुलूप आहे पण कागदावर गिरणी चालू आहे, अशा ठिकाणचा कामगार बाहेरच राहिला. 1992 मध्ये आर्थिक सुधारणांबरोबर राष्ट्रीय नवीकरण निधी स्थापन झाला. त्याचा उद्देश कामगारांना नवे शिक्षण आणि नवे काम देण्याचा होता, प्रत्यक्षात पैशाचा मोठा भाग सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला, आणि 2000 मध्ये तो निधी गुंडाळला गेला. त्यानंतर राज्य विमा महामंडळाच्या योजना आल्या. 2018 पासूनची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आता सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम देते, तीही 90 दिवसांपर्यंत. तीन वर्षांचा आधार तीन महिन्यांवर आला. आणि हाही आधार विमा क्रमांक असलेल्यालाच. ठेकेदाराने वर्गणी भरली नसेल तर कामगार दाराशीच अडतो. विणकराचे तर आणखी अवघड. बेळगावच्या वडगाव-खासबागेतला माग चालवणारा माणूस स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर असतो. बाहेरच्या स्वस्त साडीने त्याचा माग थांबला, तर कोणत्याच योजनेच्या लेखी तो ‘बेरोजगार’ ठरत नाही.

अमेरिकेचा अनुभवही उपयोगी आहे. तिथे 1962 च्या व्यापार कायद्याने आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी खास मदत सुरू केली. जकात कमी केल्याने सगळ्या देशाचा फायदा होतो, मग त्याचा तोटा मोजक्या गावांनी का सोसावा, हा त्यामागचा विचार. पण निकष इतके कडक होते की पहिली सात वर्षे एकाही अर्जाला मान्यता मिळाली नाही. 1974 मध्ये निकष सैल केले तेव्हा योजना खऱ्या अर्थाने चालू लागली. त्यात तीन कामगार एकत्र येऊनही अर्ज करू शकत. पुढे संसदेने मुदत न वाढवल्याने 1 जुलै 2022 पासून नवे अर्ज मंजूर होणे थांबले. यातून दोन गोष्टी दिसतात. हक्क कागदावर असून निकषांत बुडू शकतो, आणि मुदतीवर चालणारी योजना गरजेच्या वेळीच संपू शकते.

यावर काही आक्षेप प्रामाणिक आहेत. पहिला असा की यंत्र आल्याने काम गेले तरी माणूस उपाशीच राहतो, मग व्यापाराने किंवा सरकारी धोरणाने काम गेलेल्यांचे लाड का? आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच खास योजनेपेक्षा सर्वांना लागू असलेला बेकारी विमा मी श्रेष्ठ मानतो. तो होईपर्यंत मात्र जिथे नुकसान सरकारच्या स्वतःच्या निर्णयातून किंवा करारातून आले, तिथे सरकारची जबाबदारी अधिक स्पष्ट आहे. धरणासाठी जमीन घेतली तर आपण मोबदला मागतो. धोरणासाठी रोजगार घेतला तर मोबदला मागणे हा लाड कसा?

दुसरा आक्षेप सीमाभागात फार ऐकू येतो. सुरक्षेचा खर्च वाढवला तर लहान फाउंड्री टिकणार नाही, मालक काम महाराष्ट्रात कागलला किंवा शिरोलीला नेईल, बिडीचा ठेकेदार तर एका रात्रीत हद्द ओलांडेल. ही भीती खोटी नाही. 1968 मध्ये केरळने बिडी कामगार कायद्याची अंमलबजावणी सुरू केली तेव्हा मोठ्या बिडी उत्पादकांनी तिथले काम बंद करून कर्नाटकात हलवले आणि हजारो कामगार उघड्यावर पडले. पण पुढे काय झाले ते पाहा. 1969 मध्ये राज्य सरकारच्या भांडवली मदतीने कण्णूरला कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली, केरळ दिनेश बिडी. तिच्यात कायद्याप्रमाणे मजुरी, रजा आणि बोनस मिळू लागला आणि एके काळी तिथे चाळीस हजारांच्या आसपास कामगार होते. बिडीचा खप घसरू लागला तेव्हा तीच संस्था मसाले, छत्र्या आणि कपड्यांकडे वळली. सगळे कामगार त्यात सामावले असे नाही. तरी धंदा बदलायला एक संघटित संस्था, कामगारांची यादी आणि साठलेला निधी होता. कायदा पाळला म्हणून काम गेले इथवरच गोष्ट सांगणारे अर्धीच गोष्ट सांगतात. आणि हद्दीचा प्रश्न असेल तर उत्तर कायदा ढिला करणे नसून तो दोन्ही बाजूंना सारखा लावणे हे आहे. धूळ ओढणारी यंत्रणा एकट्या लहान युनिटला परवडत नसेल, तर ती बसवायला अनुदान द्यावे. फाउंड्री क्लस्टरसाठी सामायिक सुविधांवर सरकारी पैसा खर्च होऊ शकतो, तर सामायिक छाती तपासणी केंद्रावर का नाही?

तिसरा आक्षेप निरीक्षकांच्या जाचाचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांच्या बाजूने हा मुद्दा आवर्जून मांडला जातो. त्या संहितांत घेण्यासारखे बरेच आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, 40 वर्षांवरील कामगारांना दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी आणि कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरणे, या तरतुदी स्वागतार्ह आहेत. पण दुसरीकडे ‘कारखाना’ ठरण्याची मर्यादा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 10 कामगारांवरून 20 वर आणि विजेशिवायच्या ठिकाणी 20 वरून 40 वर नेली आहे. कपात करण्यापूर्वी किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट 100 ऐवजी 300 किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच आहे. सीमाभागातली बहुतेक युनिटे या आकड्यांच्या खालची. शिवाय फेटलिंग करणारा मुलगा विशीत कामाला लागतो. चाळिशीनंतरची पहिली तपासणी त्याला रोग झाल्याचे सांगेल, रोग टाळायला ती उशिरा आलेली असेल. निरीक्षकाचा जाच नको असेल तर त्याला पर्याय कामगाराच्या हाती असलेली नोंद हा आहे. नोंदही नको आणि निरीक्षकही नको, असे म्हणता येणार नाही.

मग ही नोंद ठेवायची कोणी? याचे उत्तर शेजारच्या महाराष्ट्रात 1969 पासून आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेल्या माथाडी कायद्याने हमालाचे नाव मालकाच्या वहीतून काढून त्रिपक्षीय मंडळाच्या वहीत नेले. मालक बदलले तरी कामगाराचे खाते तेच राहते आणि मालकांकडून घेतलेल्या लेव्हीतून भविष्यनिधी, बोनस आणि औषधोपचार मिळतात. माथाडी मंडळांतही दोष शिरले आहेत, हे खरे. पण तत्त्व पक्के आहे. ठेक्यावरच्या, घरी काम करणाऱ्या आणि हंगामी कामगारांचे नाव टिकवायचे तर ते मालकाच्या मर्जीबाहेर ठेवावे लागते. निपाणीच्या बिडी व तंबाखू कामगारांसाठी आणि बेळगावच्या ओतकामासाठी असे मंडळ उभे राहिले, त्यात रोजगाराची आणि छातीच्या तपासणीची नोंद एकाच क्रमांकाखाली झाली, तर उद्या जकात वाढो की तंबाखूवर बंदी येवो, मदत कोणाला द्यायची आणि रोगाची भरपाई कोणाकडून घ्यायची हे शोधत बसावे लागणार नाही.

मंडळाची मागणी आमदार-खासदारांकडे करायची आहे आणि ती एका दिवसात पुरी होणार नाही. पण तोवर आपल्या हाती काही आहे. या सभागृहात जे कामगार आहेत त्यांनी आपले नेमणूकपत्र मागून घ्यावे, विमा क्रमांकावर वर्गणी जमा होते की नाही ते तपासावे आणि तपासणीच्या अहवालाची प्रत घरी ठेवावी. जे उद्योजक आहेत त्यांनी ठेकेदाराच्या माणसांची नावे आपल्या हजेरीपटावर आणावीत. काम गेल्यानंतर सरकारकडे न्याय मागायचा असेल, तर त्याचा पुरावा काम चालू असतानाच तयार करावा लागतो.