पप्पांचं इंग्रजी गाणं

वसईतल्या आम्हा ख्रिस्ती कुटुंबांची मातृभाषा मराठी आहे, असं सांगितलं की अजूनही काहींना नवल वाटतं. आमच्या घरात सामवेदी बोली, शाळा मराठी, आईच्या अंगावर लाल लुगडं. लग्नाचा बँड मात्र इंग्रजी गाणीही वाजवी. त्यातलं एक गाणं आमच्या पप्पांचं होतं.

तसं ते पॉल अँकाचं. ‘यू आर माय डेस्टिनी’. हा कॅनडातल्या ओटावाचा मुलगा, चर्चच्या गायकवृंदात गळा तयार झालेला. 1957 साली ‘डायना’ गाऊन तो सोळाव्या वर्षीच जगभरच्या पोरापोरींचा लाडका झाला. पाठोपाठ 1958च्या सुरुवातीला हे गाणं गाजलं. शब्द त्याचेच, चालही त्याचीच. वय कोवळं, पण सूर असा लावलाय, की जणू वेदीपुढे गुडघे टेकून शपथ घेतोय! ऐंशी ओलांडल्यावरही हा गृहस्थ रंगमंचावर गात होता.

पप्पांना इंग्रजी येत नव्हतं. वाडीतली भाजी घेऊन ते पहाटेच्या गाडीने दादरला जात. शेजाऱ्यांच्या रेडिओवर सिलोन लागे, तिथे त्यांनी हे ऐकलं. ‘डेस्टिनी’ म्हणजे काय, ते गाडीतल्या एका कारकुनाला विचारून घेतलं. नशीब! तेवढा अर्थ त्यांना पुरला. चर्चमधली उपासना मराठीत आली ती साठच्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर. तोवर त्यांची पिढी लॅटिन प्रार्थना न समजताही मनापासून म्हणतच होती की! 1964 साली स्वतःच्या लग्नात त्यांनी बँडला हेच वाजवायला लावलं.

1988 साली थोरल्या बहिणीच्या लग्नात बँडने ती चाल धरली. मी तेव्हा नुकतीच मराठीची शिक्षिका झाले होते. तडक जाऊन बँडमास्तरांना म्हटलं, “हे नको. मराठी वाजवा.” वळून पाहिलं, तर पप्पा आईचा हात धरून नाचायला उभे होते. ते खाली बसले. त्यावर पुढे कधी एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

2004 साली धाकट्या भावाच्या लग्नात मीच बँडकडे गेले. ट्रम्पेट वाजवणारा पोरगा विशीतला. त्याला गाणं ठाऊक नव्हतं. मला गाऊन दाखवता येईना. शेवटी पप्पाच उठले, त्याच्या शेजारी उभे राहून गुणगुणले. शब्द निम्मे चुकीचे, चाल पक्की. पोराने दुसऱ्या खेपेला ती उचलली.

आई पदर खोचून उभी राहिली. अर्ध्या गाण्यात म्हणाली, “पुरे हो आता, गुडघे दुखतात.” पप्पांनी तिचा हात सोडला नाही. बँडही थांबला नाही.