एक मशीन आणि अनेक दारं

(मंडळाच्या गणेशोत्सवात सभासदांपुढे केलेलं भाषण)



आम्हा दोघा भावांना इथे बोलायला बोलावलं, याचं सर्वांत जास्त नवल आमच्या आईला वाटलं. इंदुरात आमची ही चौथी पिढी. आधीच्या तिन्ही पिढ्या नोकरीत गेल्या. आम्ही जेसीबी घेतला तेव्हा नातेवाईक म्हणाले, ‘शिकलेली पोरं आता माती उकरणार?’ बाबांनी मात्र निवृत्तीच्या पैशांतून डाउन पेमेंट भरलं. बाकीचं कर्ज. मशीन दारात उभं राहिलं की बाबांकडे बघवत नसे.

सुरुवातीला मोठ्या कंत्राटदारांच्या ऑफिसांत कार्डं वाटली. एकाचाही फोन आला नाही. त्यांची स्वतःची मशीनं असतात, नाहीतर ठरलेले मालक असतात. मग एकाने महिन्याच्या बोलीवर मशीन घेतलं. आम्ही इतके हरखलो की किरकोळ कामं नाकारू लागलो. तीन महिने मशीन चाललं, पैसे आले जेमतेम एका महिन्याचे. ‘वरून बिल निघालं नाही’ हे एकच उत्तर. शेवटी त्यांनी तासांवरच वाद घातला. नोंद आमच्या वहीत होती, पण त्यांच्या माणसाची सही कुठेच नव्हती. दोन हप्ते थकले. ती बाकी आजही यायची आहे.

त्यानंतर आम्ही दारं बदलली.

पहिलं दार गिट्टी-मुरूम पुरवणाऱ्यांचं. पाया कुठे सुरू होणार, हे त्यांना आधी कळतं. दुसरं मुकादमाचं. सकाळी सात वाजता मशीन लागलं तर फोन कुणाला करायचा, हे बहुतेक वेळा तोच ठरवतो. म्हणून ऑफिसात न जाता आम्ही काम सुरू व्हायच्या आधी साइटवर जाऊ लागलो. तिसरं दार दुसऱ्या मशीनवाल्यांचं. त्यांना आम्ही शत्रू समजत होतो. पण त्यांचं मशीन बिघडलं किंवा एकाच दिवशी दोन कामं आली, की ते आम्हाला बोलावतात. पथ्य एकच : त्यांच्या पार्टीला आपलं कार्ड द्यायचं नाही.

एकदा एका छोट्या कंत्राटदाराच्या साइटवर आमच्या बकेटने पाण्याची लाइन फोडली. चूक आमची होती, खोदण्याआधी आम्ही विचारलंच नव्हतं. प्लंबर आणला, खर्च आम्ही केला, रात्री पाणी सुरू होईपर्यंत तिथेच थांबलो. त्याच कंत्राटदाराने पुढे आणखी चौघांकडे आमचं नाव सांगितलं. आता खोदण्याआधी लाइन आणि केबल कुठे आहे, हे विचारल्याशिवाय ऑपरेटर बकेट टेकवत नाही.

माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात मशीन रुततं, कामं मंदावतात. ते महिने आम्ही भेटीगाठींना देतो. दिवाळीनंतरची कामं त्याच वेळी ठरतात.

आता कागदाचं. दर, डिझेल कुणाचं, कमीत कमी किती तास, नेण्या-आणण्याचा खर्च, हे सगळं आधी लिहून घ्यायचं. रोज हवर मीटरचा सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा स्लिपवर, खाली साइटवरच्या माणसाची सही. उद्यम नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा. २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. आयकराच्या २०२४-२५ या कर-निर्धारण वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येते. त्यामुळे हल्ली मार्च जवळ आला की कंत्राटदाराचा सीएच त्याला आमची आठवण करून देतो!

आणि एक नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे : महिन्याच्या तासांपैकी एक तृतीयांशापेक्षा जास्त तास एकाच पार्टीला द्यायचे नाहीत. पार्टी कितीही गोड बोलो.

आज स्लिपा तपासायला बाबाच बसतात. गेल्या दिवाळीत आम्ही त्यांचे पैसे परत केले. त्यांनी ते बँकेत ठेवले आणि म्हणाले, ‘दुसरं मशीन घ्याल तेव्हा सांगा.’

आपल्यातल्या कुणा मुलाला या धंद्यात यायचं असेल, तर त्याने घरी यावं. आमची वही उघडी आहे, त्या थकलेल्या बाकीच्या पानासकट.

गणपती बाप्पा मोरया!