वाचनालयात संगणक येण्याआधी



मुलं मोठी झाल्यावर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला नाव घातलं. दुसऱ्या सत्रात आम्हांला गटानं करायचं एक काम मिळालं. चौघींनी मिळून एक चालू वाचनालय निवडायचं आणि त्याच्या संगणकीकरणाचा आराखडा करायचा. त्या कामात मी काय शिकले, ते आज सांगणार आहे.

आम्ही तालुक्याच्या गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय निवडलं. वर्गणी आणि सरकारी अनुदान यांवर चालणारं, साधारण ९,००० पुस्तकांचं. एका सकाळी जाऊन पाहून आलो आणि काम वाटून घेतलं. एकीनं संगणकांच्या किमती काढल्या, दुसरीनं सॉफ्टवेअर पाहिलं, तिसरीनं खर्च मांडला. पुस्तकांच्या नोंदी आणि कर्मचारी हा भाग माझ्याकडे. आठ दिवसांत आराखडा तयार! तीन संगणक, बारकोड, दारात मोठा पडदा.

मॅडमनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "संध्याकाळी साडेसहाला तिथल्या टेबलासमोर कोण उभं असतं, आणि काय मागतं?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

मग सहा संध्याकाळी आम्ही तिथे जाऊन बसलो. देवघेवीच्या टेबलावर एक मावशी असतात, चोवीस वर्षं त्याच खुर्चीवर. आजोबा विचारायचे, "हे मी वाचलंय का हो?" मावशी त्यांचं पान उघडून सांगायच्या. बायका मात्र क्वचितच दिसायच्या. वाचनालय उघडं पाच ते आठ, म्हणजे नेमकी स्वयंपाकाची वेळ. त्या मुलांच्या हाती चिठ्ठी पाठवायच्या, "एखादी चांगली कादंबरी द्यावी." मिळेल ते वाचायच्या. कपाटात काय आहे, हे त्यांना कधी कळतच नव्हतं. आमच्या मोठ्या पडद्याचा त्यांना काय उपयोग? त्यांना हवी होती घरच्या फोनवर बघता येईल अशी पुस्तकांची यादी.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. परीक्षेसाठी ते मी पाठ केलं होतं. समजलं त्या चिठ्ठ्या पाहून.

मग नोंदी करून पाहिल्या. ५० पुस्तकांना २०० मिनिटं लागली. म्हणजे एका पुस्तकाला चार मिनिटं. ९,००० पुस्तकांना ६०० तास. रोज दोन तास दिले तरी कामाचे ३०० दिवस! आमच्या पहिल्या आराखड्यात यासाठी एक महिना धरला होता.

शिवाय चौघींच्या नोंदी एकत्र केल्या, तर आणखी गोंधळ. एकीनं लिहिलं 'कुसुमाग्रज', दुसरीनं 'वि. वा. शिरवाडकर', तिसरीनं 'शिरवाडकर वि.वा.' माणूस एकच, पण संगणकाला ते तीन लेखक वाटले. कुणाचं बरोबर यावरून आमची रात्री फोनवर चांगलीच जुंपली. शेवटी एक कागद केला. पुस्तकावर छापलेलं नाव घ्यायचं, आडनाव असेल तर ते आधी लिहायचं, आणि टोपणनाव व खरं नाव एकमेकांना जोडायचं. हा नियमांचा कागद पहिल्या दिवशी केला असता, तर भांडणही वाचलं असतं. आणि सगळं युनिकोडमध्ये टंकायचं हेही ठरलं. कारण वाचनालयाची एक जुनी यादी आम्हांला मिळाली होती, पण तिचा फाँट आमच्याकडे नव्हता. उघडली तर नुसती चिन्हं!

सॉफ्टवेअरमध्ये 'कोहा' पाहिलं. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयानं ते २००० साली वापरात आणलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि ते खरोखरच मोफत मिळतं. पण भेट मिळालेल्या गाईलाही रोज चारा लागतो. सर्व्हर, देखभाल, दर आठवड्याला नोंदींची दुसरी प्रत ठेवणं, हे कोण करणार? वीज गेली तर देवघेव कशी चालणार? प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव आणि दरवर्षीचा खर्च लिहायचा, हे आम्ही तेव्हा शिकलो.

पाचव्या संध्याकाळी मावशींनी हळूच मला विचारलं, "हा संगणक आला की माझं काय गं?"

मैत्रिणींनो, माझ्या पिशवीत आराखडा होता. त्यात 'फायदे' या मथळ्याखाली मीच लिहिलं होतं, 'मनुष्यबळात एकाची बचत'. ती 'एक' म्हणजे समोर बसलेली ही बाई, हे लिहिताना माझ्या मनातही आलं नव्हतं. मला मान वर करवेना.

घरी येऊन ती ओळ खोडली. दुसऱ्या दिवशी चौघी मावशींजवळ बसलो आणि आराखडा पुन्हा लिहिला. पहिल्या वर्षी एकच संगणक. मावशींना तीन महिने शिक्षण. वर्षभर जुनी नोंदवही सोबत चालू. आणि सुरुवात कादंबऱ्यांच्या कपाटापासून, कारण चिठ्ठ्या त्याच मागत होत्या.

समितीनं सगळं मान्य केलं नाही. पण एक संगणक घेतला. मावशी आता दोन बोटांनी टंकतात, दिवसाला दहाबारा पुस्तकं. काम अजून बरंच बाकी आहे. यादी मात्र फोनवर फिरते. परवा एक मुलगा चिठ्ठी घेऊन आला. तिच्यावर पुस्तकाचं नाव होतं आणि दाखल क्रमांकही.

तुमच्या गावच्या वाचनालयात संगणक येणार असेल, तर समितीला जाऊन सांगा की आम्हांला काय हवं ते आधी विचारा. आणि टेबलावर बसणाऱ्या बाईलाही विचारा.