पगार सोडणारे टिळक

मांजरसुंब्याच्या चौकातून पाटोदा, जामखेड करत एक रस्ता नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला पोचतो. याच नगरात कवी नारायण वामन टिळकांच्या ख्रिस्ती आयुष्याची बरीच वर्षं गेली.

राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळक सहजासहजी पटवून घेणारे नव्हेत. पण त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडले, ते कायमचेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या धर्मांतराची झळ घरालाही बसली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. नवऱ्यामागून निमूट जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. त्यांनी १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा सारा काळ त्यांनी मिस्कीलपणे मांडला आहे.

देवाची हाक ऐकून चालायचं, तर ख्रिस्ती मिशनच्या कामाचा पगार तरी कशाला? टिळकांनी १९१७ मध्ये तोही सोडला! साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारायला घेतला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले, तेव्हा दरबार जेमतेम उभा राहत होता.