अंबानगरीत आपले स्वागत

गावोगावचे डॉक्टर, संशोधक आणि माझ्या अमरावतीकर बंधुभगिनींनो,

मी सरकी-कापसाचा व्यापारी. तुमच्या या परिषदेचा विषय धमन्यांचा ताठपणा. धमनी ताठ होते म्हणजे काय, हे मला आयोजन समितीतल्या डॉक्टरांनी चहाच्या टपरीवर समजावलं. हृदयाच्या ठोक्याची लहर धमनीतून जितकी वेगात धावते, तितकी धमनी ताठ. सेकंदाला १० मीटरच्या वर गेली की काळजी. विशीतली पोरं नेमानं धावली, पोहली, तर त्यांच्या धमन्या लवचिक राहतात.

मी म्हटलं, यात नवीन काय? आमच्या हव्याप्र मंडळाला विचारा!

१९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. आडनाव वैद्य, पण औषध दिलं ते आखाड्यातल्या मातीचं! १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूनं तिथं कबड्डी, मल्लखांब करून दाखवले. वऱ्हाडातली पोरं, साहेब, बर्लिनमध्ये! आज आमच्याच नातवंडांना बर्लिन ठाऊक आहे. वैद्य बंधू म्हटलं की ती दवाखान्याचा पत्ता विचारतात. तेव्हा उद्या सकाळी मंडळाचं मैदान पाहिल्याशिवाय कुणी स्टेशन गाठू नये, ही विनंती नव्हे, ताकीद समजा.

तेच डॉक्टर असंही म्हणाले, की नुसती जड वजनं उचलणाऱ्या काही तरुणांच्या धमन्या उलट ताठ झाल्याचं आढळलंय. मला जरा लागलंच ते. पण मल्लखांब म्हणजे काही लोखंड उचलणं नव्हे. आणलीच आहेत यंत्रं, तर आमच्या पोरांच्याही धमन्या मोजून जा.

आता आमच्या व्यवस्थेतल्या उणिवा. दुसऱ्या मजल्यावर गरम पाणी सातनंतर येतं. माईक मध्येच खरखरतो. काल दोनदा माणूस बोलावला. काहींना खोल्या वाटून घ्याव्या लागल्या, त्यांची मी हात जोडून क्षमा मागतो. मंडपवाले, जिनिंगवाले मित्र, संत्र्यांच्या पेट्या पाठवणारे बागायतदार, नाव घेऊ नका म्हणणारे आणि नाव राहिलं म्हणून रुसणारे, सगळ्यांचे आभार. पावत्या कार्यालयात तयार आहेत.

जेवणात गिला वडा आणि सांबारवडी आहे. दोन्ही तळलेले. विषय पाहता डॉक्टरांनी हरकत घेतली होती, पण आचाऱ्याला आधीच सांगून झालं होतं. पहिली पंगत बरोबर एक वाजता.