डाव्या हाताला समुद्र



आयर्लंडच्या नैर्ऋत्येला डिंगलचं द्वीपकल्प थेट अटलांटिकमध्ये शिरलेलं आहे. त्याला वळसा घालणारी सुमारे १८० किलोमीटरची पायवाट म्हणजे ‘डिंगल वे’. ट्रली गावातून निघायचं आणि आठ-नऊ दिवसांनी ट्रलीलाच परतायचं. बहुतेकजण प्रदक्षिणेच्या दिशेनं जातात. त्यामुळे समुद्र डाव्या हाताला आणि डोंगर उजव्या हाताला राहतो. अशी फिरून येणारी वाट मला फार मोलाची वाटते, कारण एकच मुलूख ती सगळ्या अंगांनी दाखवते. ब्रँडन पर्वताचंच बघा. ९५२ मीटर उंचीचा हा डोंगर आधी लांबून दिसतो, मग जवळ येतो आणि शेवटी त्याच्याच खांद्यावरून आपल्याला पलीकडे उतरावं लागतं.

वाटेवर ॲनास्कॉल नावाचं छोटं गाव लागतं. टॉम क्रीन हा दर्यावर्दी इथलाच. १९१२ साली अंटार्क्टिकात त्याचा एक सोबती स्कर्व्हीनं मरणपंथाला लागला, तेव्हा मदत आणायला क्रीन एकटा निघाला. खिशात तीन बिस्किटं आणि थोडं चॉकलेट. बर्फातून सुमारे ५६ किलोमीटरची चाल. सोबती वाचला. पुढे क्रीननं गावी येऊन ‘साउथ पोल इन’ नावाचं मद्यगृह काढलं. ते आजही आहे. पायी आलेल्या माणसानं तिथे घटकाभर बसायलाच हवं.

डिंगल शहर मागे पडलं की पाट्यांवर आयरिश भाषा दिसते, दुकानांतही ती कानावर पडते. उन्हाळ्यात फ्युशियाची कुंपणं लाल फुलांनी लगडलेली असतात. डनक्विनसमोर ब्लास्केट बेटं दिसतात. मोठ्या बेटावरच्या उरल्यासुरल्या माणसांना १९५३ साली मुख्य भूमीवर आणलं गेलं. पण त्या एवढ्याशा वस्तीतून तोमास ओ’क्रोहन आणि पेग सेयर्स यांची आत्मकथनं आली, हे विसरता येत नाही.

पुढे वाटेपासून जवळच गॅलरसचं प्रार्थनागृह आहे. पालथ्या घातलेल्या होडीसारखं. चुना-माती काही नाही, नुसता दगडावर दगड. प्रत्येक थर किंचित आत सरकवत वर छप्पर मिटवलंय, आणि दगडांना बाहेरच्या बाजूला हलका उतार दिलाय. त्या उतारामुळे पावसाचं पाणी आत न मुरता बाहेर ओघळतं.

मग येते ब्रँडनची खिंड, साडेसहाशे मीटरच्या आसपास. माथ्यावर एक उभा दगड आहे. त्याच्या कडेवर ओगम लिपीतल्या खाचा कोरलेल्या आहेत. पलीकडचा उतार तीव्र आणि दलदलीचा. समुद्रावरून ढग आले की पिवळ्या खुणेचा पुढचा खांबही दिसत नाही. म्हणून सांगते, जाणार असाल तर एक दिवस हातचा राखून ठेवा आणि आभाळ मोकळं झाल्यावरच ही खिंड चढा. खाली उतरलात की मैलोन् मैल वाळूचा किनारा आहे. तिथे घाई करण्याचं कारणच उरत नाही.