'न्यूरोटॉक्सिक' म्हणजे काय?

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दवाखान्याच्या कागदावर 'न्यूरोटॉक्सिक' हा शब्द दिसला की आपण 'काहीतरी विषारी' एवढेच समजून कागदाची घडी घालतो. 'न्यूरो' म्हणजे मज्जातंतूंचे, 'टॉक्सिक' म्हणजे विषारी. दोन्ही मुळात ग्रीक. दुसऱ्याचे मूळ धनुष्याच्या शब्दात आहे. बाणाला लावायचे विष ते.

मज्जातंतू म्हणजे रक्तवाहिन्या नव्हेत. (आपण बायका दोहोंनाही शीरच म्हणतो!) मेंदूचा निरोप हातापायांना, पापण्यांना, छातीला पोचविणाऱ्या त्या तारा. हे विष तो निरोपच अडविते.

मण्यारीचे विष या जातीचे. घोणस चावली तर जागा सुजते, आग होते, घर धावत सुटते. मण्यार रात्री येते, जमिनीवर निजलेल्याला चावते. दात इतके बारीक की खूणही पुष्कळदा दिसत नाही. सूज नाही, ठणका नाही. मग पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, जीभ जड होते. घरचे म्हणतात, झोप येतेय, निजू दे. कोणी म्हणते, बाहेरचे लागले. तोवर छातीचे स्नायू थकतात आणि श्वास बंद पडतो. हलता-बोलता न येणारा तो माणूस पुष्कळदा आतून शुद्धीवर असतो, आपली रडारड ऐकत असतो!

सुजले नाही म्हणजे विष चढले नाही, ही समजूत म्हणूनच घातक. कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे तर मुळीच नेऊ नये. तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच इंजेक्शन चालते, आणि श्वास थांबला तरी यंत्राने चालू ठेवता येतो.

हा शब्द सापापुरताच नाही. शिसे पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूला बाधते. कर्करोगाच्या काही औषधांनी बोटांना मुंग्या येतात, त्यालाही डॉक्टर हाच शब्द लावतात. तेव्हा घाबरून औषध सोडू नये, त्यांना सांगावे.

आणि आपली लाखोरीची डाळ! दुष्काळात महिनोन्महिने तीच खाल्ली की पाय ताठतात, माणूस काठीवर येतो, आणि ते पाय पुन्हा पूर्ववत होत नाहीत. 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली ती यासाठीच. कोणाकडे ती शिजतच असेल, तर पुष्कळ पाण्यात उकळून ते पाणी फेकावे. विष सगळे जात नाही, पण कमी होते.